प्रोस्टेटच्या कर्करोगात हाडांची राखण

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध बंधुभगिनींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी धर्मगुरू घरोघरी जातात, ही आपल्या धर्मग्रामांतील जुनी व सुंदर प्रथा आहे. या भेटींच्या निमित्ताने अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्या पुरुषांची विचारपूस करताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. काय आजार आहे असे विचारले, की घरची माणसे दबक्या आवाजात ‘प्रोस्टेटचा कॅन्सर’ असे सांगतात. थोडे अधिक विचारले तर कळते, की कर्करोग खरे तर आटोक्यात आहे, रक्तातील पीएसएचे प्रमाण समाधानकारक आहे, इंजेक्शनेही वेळेवर चालू आहेत. परंतु न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त झाले, खुबा मोडला आणि तेव्हापासून अंथरूण सुटलेले नाही. अशा कित्येक घरांत हाड मोडण्याचा प्रसंग टाळता आला असता किंवा निदान पुढे ढकलता आला असता. त्यासाठी काय करावयाचे हे त्यांना वेळीच कोणी सांगितले नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत हे त्यातून कळावे, अशी आमची अपेक्षा आहे.

औषध कर्करोगाला उपाशी ठेवते, आणि हाडांनाही

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, ही मूत्राशयाच्या खाली असलेली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी केवळ पुरुषांत असते. तिचा कर्करोग बहुधा उतारवयात आढळतो आणि तो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. हे संप्रेरक काढून घेतले तर पसरलेला कर्करोगही आक्रसतो, असे शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी सहकाऱ्यांसह १९४१ साली दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आठ दशके उलटली तरी पसरलेल्या रोगावरील उपचाराचा पाया तोच आहे. एकतर वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात, किंवा महिन्याने, तीन महिन्यांनी अथवा सहा महिन्यांनी इंजेक्शन देऊन टेस्टोस्टेरॉनची निर्मिती थांबवतात. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन, डेगारेलिक्स अशी त्या औषधांची नावे आहेत. बोलताना आपण सारे त्यांना ‘हार्मोनचे इंजेक्शन’ म्हणतो. प्रोस्टेटच्या प्रत्येक रुग्णाला ते लागतेच असे नाही. काहींना केवळ शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार पुरतात आणि काहींवर फक्त लक्ष ठेवले जाते. या लेखाचा मुख्य रोख हार्मोनचा उपचार चालू असलेल्यांकडे आहे.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुने हाड उकरून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे हाड रचणाऱ्या पेशी आयुष्यभर आपले काम करीत असतात. जणू एकाच वाड्यात पाडकाम करणारे मजूर आणि बांधणारे गवंडी एकाच वेळी राबत आहेत. पाडकाम बेताचे राहावे यासाठी शरीरातील संप्रेरके लगाम धरून असतात. यातली एक गोष्ट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पुरुषाच्या हाडांना सांभाळणारे संप्रेरक मुख्यतः इस्ट्रोजेन आहे, ज्याला आपण स्त्रियांचे संप्रेरक समजतो. पुरुषाच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. टेस्टोस्टेरॉन थांबले, की इस्ट्रोजेनही आटते, लगाम सुटतो आणि पाडकाम बांधकामाच्या पुढे धावते.

स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या काळात हेच घडते, पण काही वर्षांत, हळूहळू. हार्मोनचे इंजेक्शन घेणाऱ्या पुरुषात हा बदल काही आठवड्यांत होतो. अचानक अंग तापून घाम फुटणे हे त्याचेच लक्षण. त्याबद्दल पुरुष संकोचाने का होईना डॉक्टरांना सांगतात. हाडाची झीज मात्र दुखत नाही, दिसत नाही. वयोमानाप्रमाणे पुरुषाचे हाड वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का झिजते. हार्मोनच्या उपचारात पहिल्याच वर्षी कमरेच्या मणक्यांची घनता २ ते ८ टक्क्यांनी घटू शकते. अमेरिकेतील ५० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर किमान पाच वर्षे हयात असलेल्या पुरुषांपैकी हा उपचार घेतलेल्यांत १९.४ टक्के जणांचे हाड मोडले होते, तर न घेतलेल्यांत १२.६ टक्के जणांचे.

म्हणून इंजेक्शनच बंद करावे, असा अर्थ मात्र कोणीही काढू नये. ते इंजेक्शन आयुष्य वाढवते. त्याच्या बरोबरीने हाडांची राखण सुरू करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. चाळिशी उलटलेल्या आपल्या माताभगिनींना कॅल्शियम घ्या, चाला, हाडे तपासून घ्या असे आरोग्य शिबिरांतून आपण सांगत आलो. त्याच शिबिरांत पुरुष रक्तदाब आणि साखर मोजून घरी जातात.

दुसरा धोका वेगळा आहे

वर सांगितलेली झीज औषधामुळे होते. याखेरीज प्रोस्टेटचा कर्करोग स्वतःही हाडांत जाऊन बसतो. तो पसरतो तेव्हा बहुतेक वेळा सर्वप्रथम हाडांकडेच वळतो: मणके, कटिबंध, बरगड्या, मांडीचे हाड. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन, जे आपल्यासारखेच कॅथलिक आहेत, यांना असाच हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचे मे २०२५ मध्ये जाहीर झाले. या गाठी एक्स-रेमध्ये पांढऱ्याशुभ्र आणि दाट दिसतात. त्यामुळे हाड बळकट झाले असा कोणाचा समज होईल. परंतु हे हाड अस्ताव्यस्त रचलेले असते. चुना भरमसाट आणि विटांची सांधणी नाही, अशा भिंतीसारखे. ते वजन पेलत नाही.

एखाद्या रुग्णाला यांपैकी एकच धोका असेल, एखाद्याला दोन्ही. दोहोंचे उपचार वेगळे आहेत, हे आम्ही पुढे सांगणारच आहोत. त्याआधी एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण तिच्यात तासांचा हिशेब असतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णाला पाठीत नवीन, वाढत जाणारी, रात्री झोपल्यावरही न थांबणारी वेदना होऊ लागली, पायांत अशक्तपणा आला, चालताना तोल जाऊ लागला, मांड्या किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब देत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. पाय चालत असताना उपचार मिळाले तर पुढेही चालते राहण्याची शक्यता मोठी असते. पाय पूर्ण गेल्यानंतर ते परत येणे अवघड होते.

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. कंबर धरली की हाडवैद्याकडे जाण्याची आणि तेल लावून पाठ तुडवून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. मोच आलेल्या तरुणाचे त्यात फारसे बिघडत नसेल. पण ज्याला प्रोस्टेटचा कर्करोग आहे किंवा होऊन गेला आहे, त्याची पाठ कोणीही मोडू-वाकवू नये. कर्करोगाने पोखरलेला मणका तेवढ्याने खचू शकतो. ‘वय झाले, कंबर दुखणारच’ हे वाक्यही अशा घरात जरा जपून वापरावे.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी

हार्मोनचा उपचार ठरला, की त्याच सुमारास हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. त्यात टोचणे-कापणे नसते. दहा-पंधरा मिनिटे सपाट पडून राहावे लागते आणि किरणांची मात्रा अगदी अल्प असते. अहवालात ‘टी स्कोअर’ नावाचा आकडा येतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ होऊ लागले आहे, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे हाडांची ठिसूळता, ऑस्टिओपोरोसिस. वृद्ध पुरुषांच्या मणक्यांत संधिवातामुळे हाडाचे काटे वाढलेले असतात आणि त्यामुळे मणक्याचा आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून खुब्याचा आकडाही अवश्य पाहावा. वर्षा-दोन वर्षांनी तपासणी पुन्हा करावी. पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, उंची कमी झाली असेल, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. यातले पुष्कळसे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

याच वेळी रक्तातील ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहून घ्यावे. दातांच्या डॉक्टरांनाही दाखवून यावे. कर्करोगाचा आणि दातांचा काय संबंध, असे वाटेल. तो पुढे येईलच.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम हवे, आहार आणि गोळ्या दोन्ही मिळून. आपल्या ताटाचा हिशेब करून पाहू. दीडशे मिलिलिटरचे दोन पेले दूध घेतले तर सुमारे ३५० मिलिग्रॅम होतात. नाचणीत शंभर ग्रॅमला जवळजवळ तेवढेच कॅल्शियम असते, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीतून १७० च्या आसपास मिळते. वाटीभर दही आणि एखादी पालेभाजी धरली तर मजल सातशेच्या जवळ जाते. उरलेल्यासाठी एक गोळी पुरते. अनेक गोळ्यांवर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम असे लिहिलेले असते. त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असते, हे लक्षात ठेवावे. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी. ज्यांना मुतखडा झाला आहे त्यांनी आधी विचारावे. सुका जवळा आणि काट्यासकट खाल्लेली लहान मासळी यांतही भरपूर कॅल्शियम असते. मात्र खारवलेल्या मासळीतील मीठ रक्तदाब वाढवते आणि लघवीवाटे कॅल्शियमही घालवते, तेव्हा ती चवीपुरती.

ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ८०० ते १००० युनिटची. आपल्याकडे ते बहुधा ६० हजार युनिटच्या कॅप्सूल किंवा पुडीच्या रूपात, आठवड्याला एक असे काही आठवडे देतात. येथे दोन प्रकारे घोटाळा होतो. कोणी आठवड्याची कॅप्सूल रोज घेतो, तर कोणी आठ आठवड्यांचा कोर्स वर्षानुवर्षे चालू ठेवतो. दोन्हींमुळे रक्तातील कॅल्शियम घातक प्रमाणात वाढू शकते. कॅप्सूल किती आठवडे घ्यायची, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

शरीर हलते ठेवल्याखेरीज या कॅल्शियमचा पुरता उपयोग होत नाही. हार्मोनच्या उपचाराने स्नायूही ढिले पडतात आणि तोल जाण्याचे तेही एक कारण आहे. रोज अर्धा तास चालावे, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, हलकी वजने उचलावीत. हाडांत कर्करोग पसरलेला असेल तर कोणता व्यायाम करावा आणि कोणता टाळावा, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. विडी-सिगारेट बंदच करावी. मद्याबद्दल आम्ही लिहिले की वाचक हसतात, तरी लिहितो: मद्य हाडे विरळ करते आणि वर तोलही घालवते.

घरातली पडण्याची ठिकाणे आपल्याला पाठ असतात. पावसाळ्यात शेवाळलेले अंगण, विहिरीकाठची फरशी, न्हाणीघराचा उंबरा, रात्री लघवीला उठल्यावरचा अंधार. प्रोस्टेटच्या रुग्णाला रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, म्हणून पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा हवा आणि भिंतीला धरायला दांडा हवा. तो दांडा बसवायला एक दिवस पुरतो. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया घराला कित्येक महिने मागे नेते.

एकच औषध, दोन मात्रा

ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा ज्यांना हाड मोडण्याचा धोका अधिक आहे, त्यांना औषध लागते. आठवड्याला एकदा ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी त्वचेखाली डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, असे पर्याय आहेत. हार्मोनचा उपचार घेणाऱ्या १४६८ पुरुषांवर डेनोसुमॅबचा अभ्यास झाला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत मणक्याचे नवे अस्थिभंग औषध न मिळालेल्यांपैकी ३.९ टक्के जणांत झाले, तर औषध मिळालेल्यांत १.५ टक्के जणांत.

हाडांत कर्करोग पसरला आहे आणि हार्मोनचे इंजेक्शनही आता त्याला आवरत नाही, अशा रुग्णाला हीच औषधे मोठ्या मात्रेत देतात: डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम. दुसरे औषध पूर्वी दर तीन-चार आठवड्यांनी देत. बारा आठवड्यांनी दिले तरी तितकेच काम होते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. रुग्णाच्या खेपा आणि खर्च दोन्ही त्यामुळे कमी झाले. हाडांत पसरलेला असूनही हार्मोनच्या उपचाराला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात मात्र मोठ्या मात्रेचा विशेष लाभ दिसलेला नाही. तेथे ठिसूळतेपुरती लहान मात्रा पुरते. म्हणून शेजाऱ्याला दर महिन्याला मिळते आणि आपल्याला सहा महिन्यांनी, यावरून आपल्यावर अन्याय झाला असे समजू नये. उलट आपल्याला कोणत्या कारणासाठी कोणती मात्रा दिली जात आहे, हे मात्र जरूर विचारावे.

आता दातांचे. या औषधांनी क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून मृत होते. मोठ्या मात्रेत हा धोका अधिक, आणि त्याची सुरुवात अनेकदा दात उपटल्याने होते. म्हणून किडके दात औषध सुरू होण्यापूर्वीच काढून टाकावेत. नंतर दात काढायचा झाला तर दंतवैद्याला आधी या औषधाचे नाव सांगावे. झोलेड्रॉनिक ॲसिडसाठी मूत्रपिंड ठीक असावे लागते, आणि पहिल्या वेळी दिवस-दोन दिवस ताप व अंगदुखी येते, त्याने घाबरू नये. डेनोसुमॅबने रक्तातील कॅल्शियम एकदम उतरू शकते. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर कळवावे. डेनोसुमॅबची दुसरी खोड याहून मोठी आहे. ते मध्येच सोडले तर आवरलेले पाडकाम दुप्पट जोराने उसळते आणि एकापाठोपाठ एक मणके खचू शकतात. घरात लग्न आहे, गावाला जायचे आहे, बरे वाटते आहे, म्हणून सहा महिन्यांचे इंजेक्शन पुढे ढकलू नये. थांबवायचेच असेल तर त्याजागी दुसरे औषध देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावे.

हाडांची राखण किती मोलाची आहे, याचा एक धडा वैद्यकशास्त्रालाही घ्यावा लागला. हाडांत पसरलेल्या रोगासाठी रेडियम-२२३ हे किरणोत्सारी औषध आहे. ते अबिराटेरोन आणि प्रेडनिसोलोन यांच्याबरोबर दिल्यावर हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले, म्हणून २०१८ साली युरोपीय औषध नियामक संस्थेने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. पुढे हेच रेडियम एन्झालुटामाइडसोबत देताना हाडे सांभाळणारे औषध सक्तीचे केले, तेव्हा अस्थिभंग झपाट्याने घटले. ज्यांना अबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोनची गोळी चालू आहे त्यांनी हेही जाणून असावे, की स्टिरॉइडनेही हाडे विरळ होतात.

हाडातली वेदना सोसत बसण्याचे कारण नाही. दुखणाऱ्या जागी एकाच बैठकीत दिलेल्या किरणोपचारानेही पुष्कळ रुग्णांना आराम पडतो. आपली पिढी दुःख प्रभूला अर्पण करावयास शिकली, ते खरेच. पण जे दुखणे शमवता येते ते लपवून ठेवा, अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही.

घर आणि धर्मग्राम

कर्करोगाच्या रुग्णांचा आश्रयदाता संत पेरेग्रिन हा इटलीतील फोर्ली गावचा. त्याच्या पायाला असाध्य व्रण झाला होता आणि पाय कापण्याच्या आदल्या रात्री क्रुसासमोर प्रार्थना करता करता तो बरा झाला, अशी परंपरा आहे. १७२६ साली त्याला संतपद मिळाले. या कथेतली एक बाब आम्हांला मोलाची वाटते: प्रार्थनेला बसण्यापूर्वी त्याने शल्यविशारदाला नकार दिलेला नव्हता. शस्त्रक्रिया सकाळी ठरलेलीच होती.

रुग्णाभ्यंग संस्काराविषयीचा जुना गैरसमज अजून पुरता गेलेला नाही. तो केवळ मरणाच्या दारातील माणसासाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले. खुब्याच्या किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी, हार्मोनचा उपचार सुरू होतानाही तो घेता येतो. मिस्सेत ज्यांना गुडघे टेकणे जड जाते त्यांनी निःसंकोच बसून राहावे. पडून हाड मोडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. चर्चच्या पायऱ्यांना धरायला कठडा आहे की नाही, हे धर्मग्राम समितीने एकदा पाहावे.

उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक माहिती. लोकलमधील दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवावीत. मणक्यात रोग असलेल्या माणसाने विरारच्या गर्दीत इतर डब्यांत चढण्याचा प्रयत्न करू नये.

आपले पुरुष डॉक्टरांकडे एकटे जातात आणि घरी येऊन ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतात. पत्नीने, मुलाने किंवा सुनेने एकदा तरी सोबत जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: यांची डेक्सा तपासणी झाली आहे का, यांना हाडांसाठी औषध लागेल का, आणि रात्री अचानक पायांतले बळ गेले तर आम्ही कोणाला फोन करायचा? ज्यांची इंजेक्शने दोन-तीन वर्षांपासून चालू आहेत आणि ज्यांना यातले काहीच विचारले गेलेले नाही, त्यांनाही अजून उशीर झालेला नाही. पुढच्या इंजेक्शनच्या तारखेलाच हे प्रश्न विचारता येतील.